विहिरीतले औषध, खाडीतले पाणी

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गढूळ पाणी विहिरीत उतरू लागले, की ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, पिशवी घेऊन येतो. बादलीतल्या थोड्या पाण्यात तो पावडर कालवतो, चुन्याचा गाळ खाली बसू देतो आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरीने विहिरीत खोल सोडून वर-खाली हलवतो. औषध टाकले आहे, तासाभराने पाणी भरा, असा निरोप वाडीभर जातो. त्या दिवशी चहाला वास येतो आणि विहिरीत ‘केमिकल’ घातल्याबद्दल कुरकुर सुरू होते. कुरकुर करणाऱ्यांत असे बागायतदारही असतात, की ज्यांच्या हापूसच्या कलमांवर मोहोर फुटल्यापासून फळ धरेपर्यंत अनेकदा फवारणी झालेली असते. त्या फवारणीला आपण ‘औषध मारणे’ म्हणतो. विहिरीत टाकतो तेही औषध आणि डॉक्टर देतात तेही औषधच. पदार्थ आपल्या बाजूचा वाटला की औषध आणि परका वाटला की केमिकल, अशी ही वाटणी आहे. रसायनशास्त्र माणसाला तारक की मारक, हा वाद बहुधा या वाटणीवरच चालतो, आणि म्हणून तो कधी मिटत नाही.

मुळात ‘रसायन’ हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने आला. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव रसायन असे आहे, आणि शरीराला बळ देऊन म्हातारपण लांबवणारी योजना असा त्याचा अर्थ. आज मात्र मुंबई-गोवा महामार्गावर आंब्याच्या हंगामात ‘रसायनमुक्त हापूस’ अशा पाट्या दिसतात. पाटी लावणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते कळते, पण शब्दशः घेतली तर ती पाटी रिकाम्या पेटीवरच लावता येईल. कारण आंब्याचा केशरी रंग, त्याचा वास, साखर, आंबटपणा, त्यातले पाणीसुद्धा रसायनेच आहेत. कोकमाचा लाल रंग, हळदीचा पिवळा रंग आणि त्याच हळदीत चुना पडताच होणारे कुंकू, नवसागर आणि कथील वापरून केलेली कल्हई, आणि कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकणे, हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातले रसायनशास्त्र आहे. ‘कळकणे’ हा तर फार नेमका शब्द आहे. ताकातल्या आम्लाने पितळेतले तांबे विरघळवले, असे जे पुस्तकात एका पूर्ण वाक्यात सांगावे लागते, ते आपल्या आज्यांनी एका क्रियापदात बसवले.

निसर्गातले ते सौम्य आणि कारखान्यातले ते घातक, ही समजूत कोकणात तरी टिकू नये. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. आंब्याच्या देठातून उडणाऱ्या चिकाने ओठांवर फोड येतात, बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, आणि काजूच्या टरफलातल्या तेलाने ओले काजूगर काढणाऱ्यांच्या बोटांची सालपटे निघतात. तिन्ही ठिकाणी दोष मुख्यतः एकाच घराण्यातल्या संयुगांचा आहे. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलासारखे असल्यामुळे ते कातडीत सहज शिरतात. हेच काजूच्या टरफलाचे तेल वाहनांच्या ब्रेकमध्ये आणि व्हार्निशमध्ये वापरले जाते. हे तेल कोणत्याही प्रयोगशाळेने तयार केलेले नाही. बी खाणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी काजूच्या झाडाने ते स्वतः तयार केले आहे.

आता पुन्हा विहिरीकडे येऊ, कारण मुद्दा तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. ब्लीचिंग पावडर पाण्यात पडली की क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंच्या आवरणातून आत जाऊन त्यांची जीवनक्रिया चालवणारी प्रथिने निकामी करते. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर १,००० लिटर पाण्याला सुमारे २.५ ग्रॅम पुरते. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि पाण्याची खोली ४ मीटर. तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते आणि पावडर लागते सुमारे ७० ग्रॅम, म्हणजे वाटीभरसुद्धा नाही. टाकल्यानंतर तासाभराने त्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तेवढा शिल्लक असेल, तर आधीचे जंतू मारून झाल्यावरही नंतर पडणाऱ्या जंतूंसाठी काही राखीव उरला, असा त्याचा अर्थ होतो. ते पाहण्यासाठी ओटी टेस्ट करतात. नमुन्यात ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, आणि रंग किती गडद आला त्यावरून मात्रा कळते. चहाला येणारा वास हा बहुतेक वेळा या राखीव क्लोरीनचाच असतो. उलट पावडर जुनी झालेली असेल, पिशवी उघडी राहून हवेत तिचा क्लोरीन उडून गेला असेल, तर वासही येत नाही आणि उपयोगही होत नाही. त्या दिवशी मात्र कोणी तक्रार करत नाही. पटकी आणि विषमज्वर यांनी एकेकाळी गावेच्या गावे रिकामी केली, आणि आज बहुतेकांना पटकी हा शब्द फक्त शिवीतून माहीत आहे. त्यात लसीचा, शौचालयांचा आणि सलाइनचा वाटा आहेच, पण या मूठभर पावडरीचाही आहे.

हाच क्लोरीन २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने नळकांड्यांतून वाऱ्यावर सोडला. हवेपेक्षा जड असलेला तो हिरवट-पिवळा वायू शत्रूच्या खंदकांत उतरला आणि सैनिक गुदमरून मेले. जंतूच्या आवरणावर जी क्रिया होते, तिच्याच जातीची क्रिया फुप्फुसाच्या ओल्या अस्तरावर होते. क्लोरीनला दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची हाव असते, आणि समोर जंतू आहे की माणूस हे त्याला कळत नाही. विहिरीतला क्लोरीन आणि खंदकातला क्लोरीन यांच्यात फरक आहे तो मात्रेचा, वाटेचा आणि सोडणाऱ्याच्या हेतूचा. (स्वच्छतागृह धुताना ब्लीचिंग पावडर आणि आम्लाचे क्लीनर एकत्र ओतणारे लोक बंद दाराआड लहानसा ईप्रच करत असतात, ते कधीही करू नये.)

त्या हल्ल्याची आखणी ज्याने केली तो फ्रिट्झ हाबर हा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याला १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र वेगळ्याच कामासाठी. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की पिकांना त्याचा काही उपयोग नसतो. हा नायट्रोजन हायड्रोजनशी जोडून अमोनिया करता येतो, हे हाबरने १९०९ मध्ये दाखवले. कार्ल बॉश याने ते कारखान्यात उतरवले आणि १९१३ पासून जर्मनीत त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले. सुमारे ४०० ते ५०० अंश तापमान आणि वातावरणाच्या दोनशेपट दाब, अशा परिस्थितीत हे काम चालते. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यातही याच मार्गाने अमोनिया तयार होऊन त्याचा युरिया बनतो. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या एका प्रक्रियेवर उभे आहे, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटके होतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीची समुद्रमार्गे होणारी नायट्रेटची आयात तुटली असतानाही तिचा दारूगोळा संपला नाही, तो याच कारणाने. अमोनियाचे आणखी एक काम आपल्या बंदरांवर रोज चालते. बर्फाच्या कारखान्यांत थंडी निर्माण करणारा वायू बहुधा अमोनियाच असतो, कारण उणे ३३ अंशांनाच तो उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्याची नळी फुटली तर डोळे आणि श्वास दोन्ही जातात. नळी शाबूत असेल तर ट्रॉलरवरची मासळी टिकते.

युरियाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणाच्या भातशेतीने त्यातून काहीतरी शिकून घेतले आहे. पोत्यातला युरिया चिखलावर फेकला की त्यातला मोठा भाग पिकाला मिळतच नाही. आपल्याकडे पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो. विरघळलेला युरिया बांधावरून वाहून वहाळात जातो, काही अमोनिया होऊन हवेत उडतो, आणि काही जमिनीतल्या जंतूंमुळे नायट्रेट होऊन झिरपतो. शेतकऱ्याचे पैसे जातात आणि पाण्यात शेवाळ माजते. चारसूत्री भातलागवडीत यावर अगदी साधा उपाय आहे. युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतांच्या दाबून केलेल्या सुमारे २.७ ग्रॅमच्या गोळ्या, ज्यांना शेतकरी ब्रिकेट म्हणतात, त्या लावणीनंतर चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये एक याप्रमाणे ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचायच्या. तितक्या खोलीवर चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे अमोनियाचे नायट्रेट होत नाही; मातीचे कण त्याला धरून ठेवतात, वरचे पाणी वाहून गेले तरी खत जागेवर राहते आणि मुळे त्याच्याकडे येतात. रेणू तोच, कारखाना तोच, पोतेही तेच. पण फेकला की प्रदूषण आणि खोचला की भात. याला मेहनत जास्त पडते, आणि लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, म्हणून सगळीकडे ही पद्धत रुजली नाही हेही खरे.

सुपारीच्या बागेतले उदाहरण याहून जुने आहे. पावसाळ्यात कोळे रोगाने कोवळी सुपारी गळते, म्हणून सुपारीच्या घडांवर बोर्डो मिश्रण फवारतात. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, असे ते एक टक्क्याचे मिश्रण असते. फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा रोग कमी आहे, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. मोरचूद एकटे आम्लधर्मी असते आणि पाने जाळते. चुना त्याचा आम्लपणा मारतो आणि तांबे न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात पानाला चिकटून राहते. चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला बागायतदार घासलेला लोखंडी कोयता मिश्रणात बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे. मग आणखी चुना घालायचा. परीक्षेचे हे साधन साधे, पण विश्वासाचे आहे. सेंद्रिय शेतीतही बोर्डो मिश्रण मर्यादेत चालते, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण तांबे हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, आणि वर्षानुवर्षे फवारलेल्या युरोपातल्या द्राक्षमळ्यांच्या मातीत ते साचलेले आढळते. म्हणजे ‘सेंद्रिय’ ही पाटी वाचून झाल्यावरही, हा पदार्थ शेवटी जातो कुठे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आंब्याचे सांगायचे तर आढीचे रहस्य एथिलीन या वायूत आहे. जून झालेले फळ स्वतःच तो सोडते, पेंढ्यात तो अडकून राहतो आणि एक फळ दुसऱ्याला पिकवते. रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू बाहेरून देतात, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार तो हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत चालतो. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्यांवर मात्र बंदी आहे. कार्बाइडला ओल लागली की असिटिलीन निघतो. त्याने रंग चढतो, पण बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात, आणि त्यांचे विषारी वायू हाताळणाऱ्याच्या नाकात आणि फळाच्या सालीवर जातात. बंदी आहे ती मुख्यतः या भेसळीमुळे. कोवळे काढलेले फळ दोन्हींपैकी कशानेही गोड होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

रसायनशास्त्राच्या बाजूने एकच साक्षीदार उभा करायचा झाला, तर मी विंचवाचा करीन. कोकणातला लाल विंचू चावला की लहान मुले घामाने भिजत, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी भरे आणि काही तासांत मूल जाई. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले, आणि हे विष चेतातंतूंना भडकवून रक्तवाहिन्या आवळून टाकते, असे त्यांच्या लक्षात आले. प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीच बाजारात होते. ज्या जागी भडकलेले चेतातंतू रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम देतात, नेमकी तीच जागा ते अडवते. ते वेळेवर देण्यास सुरुवात झाल्यावर, पूर्वी शंभरात तीसच्या पुढे जाणारे मृत्यूचे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे विष निसर्गाचे होते आणि उतारा कारखान्यातला. फुरसे या विषारी सापाच्या बाबतीत तर दोन्ही बाजू एकाच थेंबात आहेत. ज्या विषाने रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते, त्याच विषातल्या एका प्रथिनाचा नमुना समोर ठेवून टायरोफिबान हे हृदयविकाराच्या रुग्णांना देण्याचे औषध तयार करण्यात आले.

विरुद्ध बाजूचा साक्षीदार खाडीत आहे. नायलॉनच्या जाळ्याची गोष्ट आधी थोडक्यात. सुताची जाळी कुजत, म्हणून ती पुनःपुन्हा सुकवावी लागत; नायलॉन कुजत नाही म्हणून मच्छीमारांचे कष्ट वाचले, आणि कुजत नाही म्हणूनच समुद्रात सुटलेले जाळे वर्षानुवर्षे मासे आणि कासवे अडकवत राहते. ज्या गुणासाठी आपण त्याला विकत घेतले, तोच गुण त्याचा वापर संपल्यावर आडवा येतो. डीडीटीचेही असेच झाले. टिकाऊ असल्यामुळे भिंतीवर एकदा फवारले की महिनोन्‌महिने हिवतापाचे डास मरत, आणि टिकाऊ असल्यामुळेच ते शिकारी पक्ष्यांच्या शरीरात साचत गेले.

खाडीचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण तिथे टिकाऊ पदार्थ नसले तरी मासे मरतात. लोटे-परशुराम आणि महाड येथे रासायनिक औद्योगिक वसाहती आहेत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला दाभोळची आणि बाणकोटची खाडी. मासळी मरून वर येते, अशा तक्रारी या भागातले मच्छीमार अनेक वर्षे करत आले आहेत. सांडपाण्यात विष असते की नाही, एवढाच प्रश्न अनेकदा विचारला जातो. पण विष नसलेले सांडपाणीसुद्धा मासे मारू शकते. त्यातला सेंद्रिय माल पाण्यातल्या जंतूंचे खाद्य असतो, आणि ते खाताना जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. असा प्राणवायू किती लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. आता ३,००० मिलिग्रॅम बीओडीचे प्रक्रिया न केलेले पाणी एक लिटर सोडले, तर ते एकटे खाडीच्या निदान ४०० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू मागते. मासे वर येऊन तोंडे उघडतात, ती गुदमरल्यामुळे.

यावर ‘समुद्र सगळे पोटात घेतो’ असे उत्तर मिळते. नियमांतही या समजुतीची सावली आहे: पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची बीओडी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, तर समुद्रकिनारी सोडायच्या पाण्याची १००. जपानमधील मिनामाता उपसागराने समुद्रही पोटात घेतलेले परत करतो, हे दाखवून दिले. कारखान्यातून आलेला पाऱ्याचा अंश शिंपल्या-माशांत साचत गेला, आणि ते खाऊन कोळ्यांच्या वस्तीत चेतासंस्थेचा जो आजार पसरला त्याची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली.

त्यातून खाडी म्हणजे समुद्र नव्हे. ओहोटीला गेलेले पाणी सहा तासांनी भरतीबरोबर बरेचसे परत येते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, खाडीतले पाणी चांगले बदलते, पण भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरती-ओहोटीतला फरक थोडा असतो, आणि तेच पाणी आतल्या आत झोके घेत राहते. दाभोळच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी येते, त्यामुळे वरून येणारी धारही वीज किती काढली त्यावर कमी-जास्त होते. म्हणून खाडीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा असेल, तर तो उधाणाच्या भरतीला दुपारी घेण्यात अर्थ नाही. तेव्हा सांडपाणी सर्वांत पातळ झालेले असते, आणि उजेडात शेवाळानेही प्राणवायू सोडलेला असतो. तो घ्यावा एप्रिल-मे महिन्यात, भांगाच्या दिवशी, पहाटे उजाडण्यापूर्वी आणि तळाजवळून, कारण प्राणवायू तेव्हा आणि तिथेच सर्वांत कमी असतो. दाभोळच्या खाडीत पाग टाकणाऱ्या कोणाही माणसाला ही वेळ विचारली, तर तो तिथी पाहून सांगेल.